‘वाचण्यासारखं आहे का हो?’ असं विचारणाऱ्यांसाठी मोफत सल्ले

मागच्या रविवारी माझं एक पुस्तक घरी परत आलं. पाच महिन्यांनी आलं, पण आलं, त्याबद्दल आधी देवापुढे साखर ठेवली. पुस्तक म्हणजे बिल गेट्सचं ‘सोर्स कोड’, फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेलं आत्मचरित्र, आणि नेणारे म्हणजे आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं होतं, “तुम्हाला त्या जुन्या सॉफ्टवेअरचा नाद आहे ना, मग हे वाचण्यासारखं आहे का हो?” मी मूर्खासारखं वीस मिनिटं उत्तर दिलं, त्यातली दोन त्यांनी ऐकली असतील, उरलेली अठरा ते मोबाईलवर होते. पुस्तक कुठल्या अवस्थेत परत आलं ते मागाहून सांगतो, आत्ताच सांगितलं तर पुढचं नीट लिहून व्हायचं नाही. तोवर ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल.

सगळ्यात आधी, पुस्तक उघडू नका. विचारा. ग्रुपवर विचारा, लग्नात विचारा, लिफ्टमध्ये विचारा. एकजण “मस्त आहे” म्हणेल, दुसरा “ओव्हररेटेड” म्हणेल, दोघांनीही ते वाचलेलं नसेल, त्यामुळे तुमची चर्चा अगदी बरोबरीच्या पातळीवर होईल.

मग पीडीएफ मागा. हे विसरू नका बरं का. ज्या माणसाने ३ फेब्रुवारी १९७६ ला देशभरच्या हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहून झापलं, की बाबांनो ऑल्टेअर नावाचा छोटा कॉम्प्युटर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी आमचं बेसिक, म्हणजे त्यावर प्रोग्रॅम लिहायची भाषा, विकत घेतलंय, बाकीच्यांनी त्याची पेपर टेप, भोकं पाडलेली कागदी पट्टी, एकमेकांना कॉपी करून दिली, आमच्या कष्टाचा भाव तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही, त्याच माणसाचं पुस्तक फुकट मागण्यात जी मजा आहे ती विकत घेण्यात नाही. (मी फार बोलू नये. आमच्या कॉम्प्युटर क्लासात एक फ्लॉपी विकत घेतलेली असेल तर शपथ. पण निदान आम्हाला माहीत तरी नव्हतं, आणि आम्ही “लिंक पाठवा ना” असं रात्री अकराला म्हणत नव्हतो.)

पुस्तकात डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टिम, शोधा. सापडलं नाही की विंडोज शोधा. त्यासाठी आयबीएमशी झालेला करार १९८० चा, डॉस १९८१ चं, आणि हे पुस्तक त्याच्या आधीच थांबतं, तीन भागांतला हा पहिला भाग आहे असं तो माणूस स्वतःच सांगतो, पण आपण कशाला ऐकायचं, आपण एक स्टार द्यायचा आणि “अपूर्ण वाटलं” असं लिहायचं. ज्याला खरंच डॉसचं वेड आहे त्याच्यासाठी डॉस १.२५ आणि २.० चा कोड २०१४ पासून उघड्यावर पडलाय, ४.० चा २०२४ मध्ये आला, वाचा की, कोणी हात धरलाय? त्यात हेही कळेल की डॉस मुळात सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीतल्या टिम पॅटरसनने लिहिलं, गेट्सने नाही. आणि पॅटरसनच्या डोळ्यासमोर जी सीपी/एम नावाची आधीची सिस्टिम होती ती गॅरी किल्डॉलची. किल्डॉलच्या आठवणींचा पहिला भाग कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने २०१६ मध्ये फुकट वाचायला ठेवला. फुकट! पण त्याची पीडीएफ मला आजवर एकानेही मागितलेली नाही, कारण त्यात माणूस शेवटी जगातला सगळ्यात श्रीमंत होत नाही.

पुस्तकाचा फोटो स्टेटसला ठेवताना शेजारी फिल्टर कॉफी हवी.

आता हायलायटर. पिवळाच घ्या आणि “यश”, “मेहनत”, “फोकस” असे शब्द दिसले की फासा. माझी प्रत आता हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यासारखी दिसते. गेट्सला आजीने पत्ते खेळायला शिकवलं त्या पानावर समासात लिहिलंय “मेमरी”. पोरगा मित्रांबरोबर डोंगरात रानोमाळ हिंडतोय, थंडीपावसात चालता चालता पीडीपी-८ या कॉम्प्युटरसाठी बेसिकचा एक तुकडा नुसत्या डोक्यात लिहितोय, खोडतोय, परत लिहितोय, बरोबर ना कागद ना मशीन, आणि पुढे तीच डोक्यातली कुसर ऑल्टेअरच्या वेळी कामाला येते, माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात देखणा भाग, त्याच्या शेजारी काय लिहिलंय? “मॉर्निंग वॉकचे महत्त्व”. आणि जिथे खरं जेवण वाढलंय ती पानं कोरी, अगदी कोरी, उलटताना कडकड वाजतात. जानेवारी १९७५ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० आला, नुसता डबा, २५६ बाइट मेमरी, कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, पुढे खटके आणि लुकलुकणारे दिवे. गेट्स आणि त्याचा मित्र पॉल ॲलन, या पोरांकडे तोही नव्हता. तरी त्यांनी ऑल्टेअर बनवणाऱ्या आल्बुकर्कीच्या कंपनीला कळवलं की आमच्याकडे बेसिक आहे, आणि मग लिहायला बसले! मशीनच नाही तर लिहिणार कशावर, तर पॉल ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० वर असा प्रोग्रॅम केला की त्या मोठ्या मशीनने ऑल्टेअरमधल्या ८०८० चिपचं सोंग घ्यावं. ही युक्ती ट्रॅफ-ओ-डेटाच्या वेळची, रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा जो धंदा बुडाला त्यातून उरलेली. गेट्सने त्यावर बेसिकचा मोठा भाग लिहिला. अपूर्णांकांच्या गणिताला हात कोण घालणार हा प्रश्न होता, तर जेवणाच्या टेबलावर बसलेला माँटी डेव्हिडॉफ म्हणाला मी करतो. दोन महिन्यांत झालं. ॲलन टेप घेऊन विमानात बसला, उतरता उतरता आठवलं की टेप मशीनमध्ये चढवणारा लोडरच लिहिलेला नाही, तो तिथेच सीटवर लिहिला, आणि खऱ्या ऑल्टेअरवर आयुष्यात पहिल्यांदा ते बेसिक चाललं तेव्हा २+२ विचारल्यावर ४ आले. चार हजार बाइटच्या मेमरीत हे सगळं मावून वर तुमच्या प्रोग्रॅमला जेमतेम ७९० बाइट उरायचे. मला रोज सकाळी जे गुलाबाचं चित्र येतं ना त्यात अशी पंचवीस बेसिक बसतील, आणि ते चित्र पाठवणारा माणूस या पानांवर आला आणि झोपला. झोपलाच असणार, कारण इथून पुढे तीस पानं हायलायटर दिसत नाही, एकदम हार्वर्ड सोडल्यावरच जाग आलीये, तिथे दोन रेघा.

हो, ड्रॉपआउट. त्याला दोन रेघा मारायच्याच. मग पोराच्या कॉलेजच्या फीची पावती हातात घेऊन म्हणायचं, “गेट्सने तरी कुठे पूर्ण केलं?” त्याच्या शाळेत १९६८ मध्ये, तो आठवीत असताना, आयांच्या मंडळाने जुन्या सामानाचा सेल लावून त्या पैशांतून टेलिटाइप आणला होता हे मात्र सांगायचं नाही. सेकंदाला दहा अक्षरं ठोकणारं ते धूड, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मोठा कॉम्प्युटर. पुढे एका कंपनीने बग शोधायच्या बदल्यात रात्र रात्र पीडीपी-१० वापरू दिला, आणि ही पोरं तिथल्या कचऱ्याच्या पेटीत उतरून कोडचे फेकलेले कागद वेचून वाचायची. तुमच्या पोराने रद्दीतून काही वेचून आणलं तर तुम्ही काय कराल ते मला माहितीये.

दुसरी बाजू वाचू नका. पॉल ॲलनने २०११ मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात मायक्रोसॉफ्टमधली भागीदारी आधी ६०-४० आणि मग ६४-३६ कशी झाली ते आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर डोक्याला त्रास होतो.

चौथं का सहावं, मोजणं सुटलं माझं. असो. सोर्स लिस्टिंगकडे, म्हणजे मूळ कोडच्या छापील कागदांकडे, ढुंकूनही बघू नका. एप्रिल २०२५ मध्ये गेट्सने त्या पहिल्या बेसिकचा अख्खा कोड सगळ्यांसाठी ठेवला, १५७ पानं, छापलेल्या जुन्या कागदांचं स्कॅन. त्यातच कॉमेंटमध्ये तीन ओळी आहेत: रनटाइम (प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारा भाग) सोडून बाकीचं पॉल ॲलनने लिहिलं, रनटाइम बिल गेट्सने लिहिलं, गणिताचं पॅकेज माँटी डेव्हिडॉफने लिहिलं. संपलं. कुठल्याही संस्थापकाच्या चरित्रात श्रेयाची वाटणी इतकी स्वच्छ सापडणार नाही, तिथे पन्नास वर्षांनी आठवून लिहिलेलं असतं, इथे काम करतानाच लिहून ठेवलंय. माझ्या वीस मिनिटांत मी हेच सांगत होतो हो! पुस्तक वाचा, आमच्यासारख्यांनी तर वाचाच, पण बेसिक जन्माला कसं आलं ते बघायला वाचा, आणि पुस्तक एका हातात, लिस्टिंग दुसऱ्या हातात असं वाचा. श्रीमंत कसं व्हावं यासाठी वाचायचं असेल तर नका वाचू, त्यात ते नाहीये.

मला का एवढं लागतं ते सांगतो. १९९२ मध्ये आमच्या क्लासात चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं, तिघांत एक मशीन, जीडब्ल्यू बेसिक, मायक्रोसॉफ्टचंच पुढचं बेसिक, सुरू केलं की ओळ यायची आणि खाली “ओके”. नुसतं ओके. ते ओके ऑल्टेअरच्या बेसिकमधून आलेलं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या वर्षी गणपतीत मी आणि एका मित्राने सर्कल आणि लाइन या कमांड वापरून स्क्रीनवर गणपती काढला होता. पोट गोल जमलं, सोंडेची वळणं काही जमेनात, म्हणून सोंड सरळ रेघांची, कोपरे कोपरे असलेली, आणि वर लुकलुकणारं तोरण. सव्वापाच इंची फ्लॉपीवर तो ठेवला होता. गेल्या वर्षी जुन्या बाजारातून ड्राइव्ह मिळवला, साफ केला, एकेक फ्लॉपी उतरवून घेत होतो. त्यातच हे गृहस्थ म्हणाले, मुलीला शाळेत दाखवायला एखादी फ्लॉपी द्या ना. घाईत हाताला लागली ती दिली, लेबल बघितलं नाही. ही चूक माझी, शंभर टक्के माझी.

रविवारी ती फ्लॉपी पुस्तकातून निघाली. खूण म्हणून घातली होती. पाकीट नाही. चकतीची जी उघडी खिडकी असते ती पानाबाहेर, त्यावर चिवड्याच्या तेलाचा आख्खा अंगठा, आणि लेबलवर बॉलपेनने दाबून दाबून पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर. ड्राइव्हमध्ये घातली. खर्र, खर्र, खर्र. डीआयआर, म्हणजे फायलींची यादी दाखवणारी कमांड, केलं तर नाव दिसतं, गणपती डॉट बास, उघडायला गेलं की डेटा एरर, अबॉर्ट, रिट्राय, फेल? चाळीस वेळा रिट्राय केलं मी.

आणि हे दारात उभे राहून सांगतायत, “ठीक आहे पुस्तक, फार टेक्निकल आहे, विंडोजचं काहीच नाही.”

अहो, वाचायचंच नव्हतं तर नेलंत कशाला? कोणी आग्रह केला होता? दुसऱ्याच्या पुस्तकावर रेघा मारता, दुसऱ्याच्या वस्तूवर फोन नंबर लिहिता, घरात एक कागदाचा कपटा नव्हता? तुम्हाला ते भंगार वाटलं ना, मग भंगार म्हणून तरी माझं मला जसंच्या तसं परत द्यायचं होतं. वय काय, शिक्षण काय, आणि साधं हात धुऊन पुस्तक धरावं एवढं कळत नाही? पुढच्या वेळी जिन्यात भेटलात तर “वाचण्यासारखं आहे का” विचारू नका, मी उत्तर देणार नाही. आणि त्या फ्लॉपीचं कागदी पाकीट अजून तुमच्याकडेच आहे, ते आणून द्या.