‘नुसती आवड म्हणजे अधिकार नव्हे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाशिकमध्ये स्विंग नाच, म्हणजे जॅझ संगीतावर जोडीने नाचायचा अमेरिकेतला नाच, शिकवणाऱ्या जोडप्यावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तर द्यायला हवं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. लावणी, पावरी, तारपा, मंगळागौर हे सगळं घरात असताना अमेरिकेतला नाच इथे कशाला, हा पहिला. अनोळखी बाईमाणसांनी आणि पुरुषांनी हात धरून नाचणं आपल्याकडे शोभत नाही, हा दुसरा. शिकवणारे दोघंही नोकरदार, कुणा गुरूकडे तालीम नाही, पदवी नाही, आणि ‘नुसती आवड म्हणजे अधिकार नव्हे’, हा तिसरा. आणि हे सगळे गंगापूर रोड-कॉलेज रोडवाल्यांचे चोचले आहेत, हा चौथा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त लागला तो तोच.

कथकबद्दल तुम्ही हे म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती. वर्षानुवर्षं तत्कार घोटल्याशिवाय तिथे कुणी शिकवायला उभं राहू नये. पण लिंडी हॉप, म्हणजे स्विंग नाचांमधला मूळ आणि मुख्य नाच, जन्मलाच वेगळ्या घरात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १९२०च्या दशकाच्या शेवटी तो आकाराला आला. लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडलं आणि ते या नाचाचं माहेर झालं. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री तिथे नाचायची. त्यांना कुणी वर्ग लावून शिकवलं नाही. बघून, विचारून, शेजारच्याशी चढाओढ करून ती शिकली. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात वादक आणि नर्तक कृष्णवर्णीय, पण प्रेक्षक गोरेच असायचे. सॅव्हॉयमध्ये मात्र दोघं एकाच फरशीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही किती मोठी गोष्ट होती, हे नाशिकचे आमचे शिक्षक, म्हणजे हेच जोडपं, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. हा नाच कुणाचा आहे हे कळल्याशिवाय पाऊल शिकवायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे.

आता अधिकाराचं. फ्रँकी मॅनिंग हे या नाचातलं सगळ्यात मोठं नाव. जन्म १९१४चा. जोडीदाराला हवेत उचलून फिरवण्याच्या करामती त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारणीने १९३५च्या सुमारास या नाचात आणल्या. पुढे महायुद्ध आलं, संगीताची चव बदलली, मोठे वाद्यवृंद मोडले. मॅनिंग यांनी काही वर्षं स्वतःचा गट चालवला आणि मग पोटासाठी पोस्टात नोकरी धरली. तीस वर्षांच्या आसपास ते तिथे होते. सॅव्हॉय १९५८मध्ये बंद पडलं. १९८०च्या दशकात काही तरुण या जुन्या नर्तकांच्या शोधात निघाले. थेट स्वीडनहूनही आले. मॅनिंग यांना गाठून त्यांनी विनवलं, आम्हाला शिकवा. सत्तरी ओलांडलेले मॅनिंग शिकवायला लागले, आणि २००९मध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवसाच्या तोंडावर जाईपर्यंत जगभर शिकवत राहिले. स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरेंग नावाचं लहानसं गाव आहे, तिथे दर उन्हाळ्यात भरणाऱ्या शिबिरात तेही शिकवायला जात.

काका, हा नाच आज जिवंत आहे तो पदवीधरांमुळे नाही. एका पोस्टातल्या माणसाने आणि त्याच्या पिढीतल्या नॉर्मा मिलर, अल मिन्स अशा काही जणांनी म्हातारपणी तो पुढच्यांच्या हातात दिला म्हणून. आणि घेणाऱ्यांना त्याची ओढ होती म्हणून. नोकरी करून संध्याकाळी शिकवणारे नाशिकचे हे दोघं त्या परंपरेच्या बाहेरचे नाहीत, अगदी आतले आहेत.

मात्र तुमच्या वाक्यातलं एक मला पटतं. आवड आहे म्हणून कुणीही उठून शिकवावं असं नाही. शिकवण्याचे कष्ट वेगळे असतात. म्हणून ते दोघं कसं शिकवतात ते सांगते, आणि मग तुम्हीच ठरवा.

या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. आपले हात भजनाला सरावलेले, ते पहिल्या आणि तिसऱ्यावरच जातात. पहिल्या वर्गाला आम्हा सगळ्यांचं तेच झालं. शिक्षिकेने ‘चुकलं’ असं म्हटलं नाही. तिने गाणं बंद केलं, आम्हाला आमच्या सवयीने भजनाची टाळी वाजवायला लावली, आणि ती रंगल्यावर म्हणाली, आता पाय तिथेच ठेवा, फक्त टाळी एक मात्रा पुढे सरकवा. काही मिनिटं गोंधळ झाला आणि मग अख्खी खोली एकदम झुलायला लागली. त्यानंतरच तिने पाऊल शिकवलं. आठ मात्रांचा हिशोब आपल्याला केरव्यामुळे ठाऊक असतोच. नवीन असतो तो झोका: मात्रेचे दोन भाग सारखे न पडता पहिला लांबतो, दुसरा आखडतो. हे तोंडी सांगून कुणाला कळत नाही. तिने ते बोलांनी म्हणून दाखवलं, मग आमच्याकडून म्हणवून घेतलं.

या नाचाचा मुख्य डाव म्हणजे स्विंगआउट. जोडीदार जवळ येतात, फिरतात आणि ताणून लांब जातात. त्या क्षणी दोघांचं वजन किंचित मागे असतं आणि हातांत ताण असतो. तो ताण नसेल तर सगळं ढिलं पडतं, जास्त झाला तर खांदा दुखतो. आमच्या संगणकवाल्या पोरांना हे काही केल्या जमेना. मंगळागौरीचे खेळ खेळणाऱ्या एका मावशींनी मात्र ते दुसऱ्याच प्रयत्नात केलं आणि म्हणाल्या, ‘अहो, ही तर फुगडीच की!’ पुढच्या वर्गाला शिक्षकांनी मावशींनाच पुढे बोलावलं. आधी सगळ्यांना फुगडी घालायला लावली, मागे वजन टाकून समोरच्यावर विसंबायचं कसं ते त्यांच्याकडून शिकवून घेतलं आणि मग स्विंगआउट केला. आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याच्या ओळखीच्या गोष्टीतून दाखवणारा माणूस शिक्षक नाही, तर मग शिक्षक कोण?

पहिल्या आक्षेपाचं निम्मं उत्तर मावशींनी दिलं आहे. उरलेलं मी देते. हे जॅझचे सूर आपल्याकडे काल-परवा आले नाहीत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद वाजवत होता. त्या वादकांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतले चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत काम करू लागले, आणि १९५१च्या ‘अलबेला’त तर ते पडद्यावरही दिसतात. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. आपल्या घाटावरून गेलेली गोदावरी पुढे त्यांच्याच गावाला लागते. या माणसाने परक्या तालाला जवळ केलं म्हणून त्याची लावणी बिघडली नाही. भगवानदादा ज्या सैलसर झुलत्या पावलाने नाचले, त्या पावलाला गणपतीच्या मिरवणुकीत आजही कुणी परकं म्हणत नाही.

आणि मला मनापासून वाटतं ते असं: ‘हे शिकवू नका, ते शिकवा’ असं प्रेम वाटून देता येत नाही. या दोघांना लावणी येत नाही. त्यांनी ती कर्तव्य म्हणून शिकवली तर लावणीचेच हाल होतील. त्यांच्याकडे जे आहे ते ते पोटतिडकीने देतात. पावरीच्या सुरावर ज्यांचा जीव आहे त्यांनी पावरीचे वर्ग काढावेत. सुरगाण्याहून कुणी शिकवायला येणार असेल तर पहिल्या रांगेत मी असेन.

हात धरण्याबद्दल. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ-सुरगाण्याकडे, बाया-पुरुष एकमेकांना धरून फेर धरतात. तारपा तुम्हीच ‘आपला’ म्हणून मोजलात, आणि त्यातही हेच आहे. तेव्हा ‘आपल्याकडे शोभत नाही’ यातलं ‘आपल्याकडे’ फार लहान होतंय, काका. आता बाई म्हणून सांगते. या वर्गात कुणाला नाचायला विचारायचं ते तोंडाने, हात ओढून नाही. ‘नको’ म्हटलं तर कारण द्यावं लागत नाही. जोडीदार दर थोड्या वेळाने बदलतात, त्यामुळे कुणी कुणाला चिकटून राहत नाही. बायकाही पुढाकार घेऊन नाचवतात, पुरुषही साथ देणारी बाजू शिकतात. परक्या पुरुषाने माझ्या ‘नको’चा इतका सहज मान राखलेला मी या शहरात फार ठिकाणी पाहिलेला नाही. तुमच्या घरातली मुलगी-सून आली तर तिची काळजी करू नका.

चौथा आक्षेप अर्धा खरा आहे. वर्ग कॉलेज रोडला भरतो, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळीवरून सुटलेल्या माणसाला तिथवर येणं अवघड जातं. शुल्क मात्र जागेचं भाडं वाटून घेण्यापुरतंच आहे, आणि ज्याला जमत नाही त्याला कुणी विचारत नाही. खरी अडचण जागेची आहे. कडक फरशीवर गुडघे धरतात, म्हणून सपाट, जरा गुळगुळीत आणि मोठी जागा लागते. तशी परवडणाऱ्या भाड्यात मिळत नाही. ही अडचण मंगळागौरीच्या मंडळांना आहे, ढोल पथकांना आहे, कथकच्या मुलींनाही आहे. शहरातली सार्वजनिक सभागृहं रिकामी असताना संध्याकाळी सरावासाठी कमी भाड्यात मिळावीत, सिडको-सातपूरकडचीही, असं निवेदन आम्ही काही जण तयार करतोय. त्यात स्विंगचं नाव शेवटी आहे, तुम्ही सांगितलेल्या कला आधी आहेत. मसुदा तुम्हाला पाठवू का? एखादी कला राहिली असेल तर ती घाला, आणि पटला तर त्यावर सही करा.