पैसे आले होते, पण कुणाला माहीतच नव्हतं

आज मॉर्निंग ड्युटीला होते. बीएस्सी नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आल्यात, त्यातली एक ड्रेसिंगची ट्रॉली लावता लावता डोळे पुसत होती. म्हटलं काय गं, घरी काही झालं का? आधी नाही नाही म्हणाली आणि मग एकदम हुंदका. फी भरली नाही म्हणून कॉलेजने हॉलतिकीट अडवलंय, परीक्षा तोंडावर. आणि स्कॉलरशिप? "नाही आली सिस्टर. महाडीबीटीवर डिस्बर्स्ड दाखवतंय पण पैसेच नाहीत." म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर पैसे दिले असं दिसतंय.

जिंतूरकडची पोर. आईने बचत गटातून 38 हजार उचललेत, शेकडा दोनने. सोयाबीन काढायला जाते ती माऊली, आणि इथे क्लार्क हिला सांगतो "तुमचं तुम्ही बघा". अरे तुमचं तुम्ही बघा म्हणजे? मग तू कशाला बसलायस तिथे?

ब्रेकमध्ये तिच्याच मोबाईलवर मायआधार ही आधारची वेबसाइट उघडली आणि बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते बघितलं. ती रोज चेक करत होती ते खातं कॉलेजजवळच्या बँकेतलं, आणि आधारला जोडलेलं निघालं आठवीत असताना गावाकडे उघडलेलं! डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे तुम्ही पासबुक कुठलं दाखवता ते बघत नाहीत, आधारला शेवटचं जे खातं लिंक असेल तिथे जातात. ही एवढीशी गोष्ट त्या पोरीला कॉलेजात दोन वर्षांत एकाही माणसाने सांगितली नाही. भावाला फोन लावला, त्याने ट्रंकेतून पासबुक शोधलं, बँकेत जाऊन एंट्री मारून आणली. पैसे मार्चपासून पडून! आणि आई दर महिन्याला व्याज भरतेय.

मला सांगा, राग नाही येणार?

योजना नाहीत असं नाहीच मुळी. एससीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप आहे, हॉस्टेल नाही मिळालं तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या (मराठा आरक्षणातल्या) मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवी, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की संपलं. आता हे गावातल्या बापाला अ‍ॅडमिशनच्या आधी कोण सांगतं? एजंट सांगतो "सीट पक्की करा, स्कॉलरशिप नंतर बघू". नंतर काय बघायचं, कपाळ?

लोनचं तर विचारूच नका. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणतात, आणि बँकेत गेलं की पहिला प्रश्न सातबारा कुणाच्या नावावर. पीएम विद्यालक्ष्मी या शिक्षण कर्जाच्या योजनेचा गाजावाजा झाला, पण ती निवडक नावाजलेल्या संस्थांसाठी, तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजातल्या पोरीला तिचा काय उपयोग.

बरं, कॉलेजचीही बाजू असेल, सरकारकडून पैसे त्यांनाही उशिरा येतात, आणि क्लार्क एकटाच शेकडो फॉर्म तपासतो, मान्य. पण म्हणून हॉलतिकीट अडवायचं?

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता सगळे थाळ्या वाजवत होते आमच्यासाठी. मी तेव्हा ड्युटीवर होते, खिडकीतून ऐकलं. छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आज ती पोर कॅथेटर केअर शिकताना रडत होती ना, तेव्हा त्या थाळ्या आठवल्या आणि तोंड कडू झालं.

माझ्या वेळी वडिलांनी बैल विकून हॉस्टेलची फी भरली होती. मला वाटायचं आता तरी दिवस बदलले. बदललेत की, आता पैसे येतात आणि ट्रंकेत राहतात.

असो. चिडून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. तुमच्या ओळखीतली कुणी पोर नर्सिंगला असेल तर तिला आजच सीडिंग बघायला सांगा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल आधीच काढून ठेवा, जून-जुलैत सेतूत, दाखल्यांच्या केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. आणि अर्ज सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलाय का हे रोज बघा, मेसेज येईलच याचा भरवसा नाही.

जाताना ती पोर म्हणाली, सिस्टर, आईला अजून सांगितलं नाही, संध्याकाळी रानातून आली की सांगते. तिच्या बॅचच्या अजून सात जणी उद्या ब्रेकमध्ये आधार कार्ड घेऊन येणार आहेत माझ्याकडे. मेट्रनबाई ओरडतील. ओरडू देत.