सुभेदारांचा उन्हाळा

आमच्या घरी राखणीला दोन कुत्री आहेत. वर्षातले आठ महिने ती आम्हाला राखतात आणि उरलेले चार महिने आम्ही त्यांना.

थोरले सुभेदार आणि धाकटी बयो. दोघं ग्रेट पिरनीज जातीची. सुभेदारांचं वजन ५२ किलो, बयोचं ४१. सुभेदारांना एकेरीत हाक मारायची घरात कोणाची छाती झालेली नाही. फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध जे पिरनीजचे डोंगर आहेत, तिथं बर्फात बसून मेंढरं राखणं हा यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. लांडगा आला की भुंकायचं, नाही आला तर येऊ नये म्हणून भुंकायचं. या नोकरीला गणवेशही साजेसा मिळालाय. वर लांब, राठ, पाणी झटकून टाकणारे केस आणि खाली कापसासारखी दाट लव. हे सगळं मला पिल्लू आणतानाच सांगितलं होतं. पण तेव्हा थंडी होती आणि पिल्लू मांडीवर झोपलं होतं. मांडीवर पिल्लू झोपलेलं असताना सांगितलेली कुठलीही गोष्ट माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

मग पहिला उन्हाळा लागला आणि सुभेदारांची जीभ बाहेर आली.

आधी बोटभर, मग वीतभर. टोकाला ती पळीसारखी पसरट झाली, कडा वर वळल्या आणि टोकावरून लाळेचा एकेक थेंब पायरीवर पडू लागला. प्रत्येक थेंब पडला की बयो उठून तो हुंगायची आणि पुन्हा बसायची. डॉक्टरीणबाईंनी श्वास मोजायला सांगितलं होतं. स्वस्थ झोपलेलं कुत्रं मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतं. धापा टाकायला लागलं की हाच आकडा ३०० च्या पुढं जातो. मी घड्याळ घेऊन पायरीवर बसलो. साठापर्यंत गेलो आणि मलाच धाप लागली.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या गाद्यांना. म्हणजे एवढा थोरला देह आणि घाम गाळायला चार तळवे! बाकीचा सगळा कारभार जिभेवर. त्यात मोठं पातेलं जसं उशिरा निवतं तसं मोठं कुत्रंही उशिरा निवतं. चहाचा कप निवेपर्यंत सुभेदार जेमतेम कोमट होतात.

शेजारचे काका रोज संध्याकाळी फाटकापाशी थांबतात. सुभेदार त्यांच्यावर रोज भुंकतात. गेली तीन वर्षं हा कार्यक्रम एकही खाडा न पडता चालू आहे. त्या दिवशी काका भुंकण्याच्या वरच्या पट्टीत म्हणाले, "अरे, केस काढून टाक त्याचे! तू स्वेटर घालून उन्हात उभा राहा म्हणजे कळेल तुला!"

मला पटलं. स्वेटरचा मुद्दा कोणालाही पटतो. बायकोला पटला, मुलाला पटला, अगदी दूधवाल्यालाही पटला. दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मशीन मारून टाका, एकदम बारीक."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "उन्हाळा आला की तुम्ही घराचं छप्पर काढून ठेवता का?"

मी म्हटलं, नाही.

"मग यांचं का काढता?"

मग त्यांनी सुभेदारांच्या पाठीवरचे केस दोन्ही हातांनी भांग पाडल्यासारखे बाजूला केले आणि मला आत बघायला लावलं. आत गुलाबी कातडी होती, नवजात बाळाच्या टाळूसारखी. तिला ऊन लागलं तर ती भाजणार. वरचे केस उन्हाला बाहेरच अडवतात, आणि मोकळ्या केसांमध्ये हवा खेळती राहिली की ती ऊब बाहेरच ठेवते. स्वेटर आतली ऊब धरून ठेवतो तेच तत्त्व, फक्त उलट्या बाजूनं. शिवाय मशीन मारलं की खालची लव लवकर उगवते आणि वरचे राठ केस मागाहून, सावकाश. कधीकधी ते पहिल्यासारखे येतच नाहीत, कुत्रं पुढं जन्मभर ठिगळं लावलेलं दिसतं. "उकाडा केसांनी होत नाही," बाई म्हणाल्या, "न विंचरलेल्या केसांनी होतो. कधी विंचरलं होतं?"

मी छताकडे पाहिलं. सुभेदारांनीही पाहिलं.

तेव्हापासून आमच्या घरात उन्हाळा कॅलेंडरावर लागत नाही, विंचरणीला लागतो. खालची लव ओढून काढणारी लांब दातांची विंचरणी असते, बागेतल्या दाताळ्याची धाकटी बहीणच. रविवारी सकाळी अंगणात चटई टाकून मी सुभेदारांच्या मानेपासून सुरुवात करतो. पहिल्या फटकाऱ्याला मूठभर पांढरा कापूस येतो. दुसऱ्याला मूठभर. वाटतं, दहा मिनिटांत संपेल. दोन तासांनी चटईवर एक तिसरा कुत्रा तयार झालेला असतो आणि सुभेदार पहिल्याइतकेच असतात. वारा आला की तो तिसरा कुत्रा उठून अंगणभर फिरतो. एकदा बयो त्याच्यावर गुरगुरली होती.

खरी परीक्षा कानांमागं आणि काखेत. तिथं केसांच्या जटा होतात, वाळलेल्या शेणीसारख्या घट्ट. हवा तिथूनच अडते, म्हणून त्या सोडवणं भाग. बोटांनी एकेक पदर मोकळा करायचा, कात्री लावायची तर कातडी आणि जट यांच्यामध्ये आधी कंगवा सरकवायचा. एवढं सगळं होईपर्यंत सुभेदार शांत असतात. मागच्या मांड्यांवरच्या झालरीला हात लावला की मात्र ते बसतात. उभं कुत्रं विंचरता येतं, झोपलेलं विंचरता येतं. झालरीवर बसलेल्या ५२ किलोंचं काहीही करता येत नाही. तो भाग मी पुढच्या रविवारवर टाकतो. तो गेल्या वर्षीपासून पुढच्याच रविवारी आहे.

केस घरात कुठं कुठं सापडतात ते सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे येणारे पाहुणे काळे कपडे घालून येत नाहीत आणि चहा वरून फुंकूनच पितात. शेजारच्या काकू तेवढ्या येतात आणि निघालेला कापूस पिशवी भरभरून घेऊन जातात. कशाला, हे मी विचारलं नाही. नेतात ना, मग नेऊ देत.

विंचरण्यानं निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी घरात तंत्रज्ञान आणलं. आधी थंड राहणारी गादी आली. बयोनं ती थंड का आहे हे आत जाऊन पाहिलं. तासाभरात आतला लगदा अंगणात होता आणि आम्ही गाडीत. लगद्यात विषारी काही नाही हे दवाखान्यात कळेपर्यंत घरात सगळ्यात गरम मीच होतो. मग टेबलफॅन आला. त्याच्यासमोर सुभेदार मोठ्या समाधानानं बसत, केस भुरभुरत, बायको फोटो काढी आणि जीभ होती तिथंच लोंबत राही. कारण साधं आहे: वारा घाम सुकवून अंग थंड करतो, आणि इथं सुकवायला घामच नाही. आधी अंग भिजवलं तरच पंखा उपयोगी.

म्हणून मी नळी घेतली. पाठीवर पाच मिनिटं पाणी सोडलं. ते पिरनीजच्या बर्फासारखं वरच्यावर ओघळून गेलं. आत बोट घालून पाहिलं तर कातडी कोरडी ठणठणीत. पाणी घालायचं ते पोटाला, जांघेत, काखेत, पंजांना. हे कळल्यावर मी उकिडवा बसून ५२ किलोंच्या खालून नळी मारू लागलो. सुभेदारांना ते इतकं आवडलं की ते सावकाश खाली बसले. नळीवर. आणि माझ्या हातावर.

भिजवून झालं की काम संपलं असंही नाही. आतली लव ओली राहिली की तिथं आंबूस वास सुटतो, मग खाज आणि मग लालबुंद चट्टे. म्हणजे उन्हाळ्यात आधी कुत्रं भिजवायचं आणि मग कोरडं करायचं. याच दोन कामांच्या मध्ये सुभेदार मातीत लोळतात.

फिरायला आम्ही पहाटे साडेपाचला जातो. त्याला उशीर झाला तर आधी रस्ता तपासावा लागतो. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवायची. आपल्याला सोसवलं नाही तर पंजांनाही सोसवणार नाही. एकदा मी असा रस्त्यावर हात टेकवून पुटपुटत आकडे मोजत होतो, तर एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "काय हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, सात होऊ देत." ते काही न बोलता निघून गेले. आता मला पाहिलं की पलीकडच्या बाजूनं जातात.

या सगळ्या खटपटीत सुभेदारांचा एक स्वतःचा उपाय होता आणि मी तो रोज बुजवत होतो. कुंपणाच्या कडेला, झुडपाच्या सावलीत त्यांनी एक खड्डा खणला होता. हातभर खोल, अंगाच्या बरोब्बर मापाचा. वरची माती तापली तरी हातभर खालची गार असते, आणि पोटावर केस विरळ असल्यानं गारवा थेट कातडीला भिडतो. ते सकाळी खणायचे, मी संध्याकाळी फावडं घेऊन बुजवायचो, वर बायकोची रोपं पुन्हा लावायचो. सकाळी रोपं अंगणात आणि सुभेदार खड्ड्यात. महिनाभर हे चाललं. मग एका दुपारी मी त्या खड्ड्यात हात घातला. गादी आणि पंखा दोन्ही त्यापुढं पाणी भरतील असा गारवा होता. दुसऱ्या दिवशी मीच फावड्यानं शेजारी बयोसाठी एक खणला. ती त्यात बसली नाही. सुभेदारांच्या खड्ड्यात बसली. सुभेदार माझ्यात बसले, म्हणजे मी खणलेल्यात.

एक संध्याकाळ मात्र विनोदाची नव्हती. आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, म्हणून मी गाफील. हवा दमट होती, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी सुकत नाही, धापा वाया जातात. सुभेदार फाटकापासून कुंपणापर्यंत एका मांजरामागं आठ-दहा वेळा धावले आणि परत येताना मागचे पाय तिरके पडू लागले. लाळ दाट, तारेसारखी. ओठ वर केला तर हिरड्या लालभडक. थर्मामीटर कुठून लावतात हे मला माहीत होतं. इतक्या मुकाट्यानं त्यांनी तो लावू दिला याचीच जास्त भीती वाटली. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. हे ४०.८ होतं.

बायको ओला टॉवेल घेऊन धावली. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, "पांघरू नका! दोन मिनिटांत त्याची गरम घोंगडी होते. पाणी ओता, पंखा लावा, मग या!" आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं, हा क्रम त्यांनी दोनदा म्हणवून घेतला. पोटावर नळी, समोर पंखा, प्यायला पुढ्यात पाणी. ३९.५ ला आल्यावर ओतणं थांबवलं, नाहीतर उलटं फार गार पडतं. मग गाडीचा एसी पूर्ण सोडून दवाखाना. रात्री अकराला सुभेदार घरी आले, दोन वाट्या पाणी प्यायले आणि त्या मांजराच्या दिशेनं एकदा भुंकले. आवाज बारीक होता. मी तो ऐकत पायरीवर बराच वेळ बसलो होतो.

उन्हाळ्यात ड्युटी तशी रात्रीचीच. दिवसभर मेल्यासारखी पडलेली ही जोडी रात्री दोनला हजर होते आणि पिरनीजमधल्या समस्त लांडग्यांना बजावते. खिडक्या उकाड्यानं उघड्या, त्यामुळं लांडग्यांआधी आम्हाला ऐकू येतं.

असा तो उन्हाळा गेला, पाऊस गेला आणि थंडी पडली. एका सकाळी काका फाटकापाशी आले ते अंगात पांढरंशुभ्र, लुसलुशीत, बिनबाह्यांचं जाकीट घालून. काकूंनी उन्हाळाभर नेलेला कापूस टकळीवर कातला होता आणि विणला होता. कुत्र्याच्या लवेचं सूत मेंढीच्या लोकरीपेक्षाही उबदार होतं, असं काका मोठ्या अभिमानानं सांगत होते. सांगता सांगता ऊन वर आलं. त्यांनी पहिली गुंडी काढली, मग दुसरी, मग रुमालानं मान पुसली.

"फार उकडतं हो यात," असं ते म्हणेपर्यंत सुभेदार फाटकापाशी पोचले होते. त्यांनी काकांचं जाकीट खालून वर हुंगलं. मग वरून खाली हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा जाकिटाकडे पाहिलं आणि काकांच्या पायावर जाऊन बसले.

काका म्हणाले, "अरे, हा आज भुंकत का नाही?"