पॉवर बँकेवरील डास-यंत्राबाबत आलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

भंडारदऱ्याच्या सहलीत डासांमुळे आपल्याला व आपल्या कुटुंबीयांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. काजवे पाहायला गेलेल्या माणसाने रात्र अंग खाजवण्यात घालवावी, हे कोणत्याही दुकानदाराला आवडणार नाही. मात्र "रिफिल खपवण्यासाठीच असली यंत्रे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात" हे आपले वाक्य मुकाट्याने सोडून देणे आम्हाला शक्य नाही. ट्रेकिंगच्या सामानाचे आमचे दुकान लहान आहे, जाहिरातीवर खर्च करण्याची आमची ऐपत नाही, आणि नाशिकमधला नवा ग्राहक हल्ली दुकानाची पायरी चढण्याआधी हे तारे पाहतो.

इतर वाचकांसाठी आपल्या तक्रारीचा सारांश असा, की आमच्याकडून ५५० रुपयांना घेतलेले, बाटलीतल्या औषधाची वाफ सोडणारे, पॉवर बँकेवर चालणारे डास-यंत्र उघड्यावर उपयोगी पडले नाही, पॉवर बँक मध्यरात्रीनंतर संपली, यंत्र एका रात्रीत जळाले, आणि जे काम अंगाला लावायच्या मलमाच्या शंभर रुपयांच्या ट्यूबमध्ये झाले असते त्यासाठी आम्ही आपल्याला महागडी वस्तू दिली.

ट्यूबपासून सुरुवात करतो. ती ट्यूब आपल्याला त्याच काउंटरवर, यंत्राच्या आधी, दाखवली होती. हाताला चिकट लागते म्हणून आपण ती परत ठेवली. आम्ही तेव्हा जे सांगितले तेच येथे पुन्हा लिहितो, की उघड्यावर डासांपासून खरे संरक्षण अंगाला लावलेल्या औषधानेच मिळते, कारण यंत्रातून निघणारी वाफ धरणाकाठच्या वाऱ्यात टिकत नाही. अमेरिकी लष्कराने १९४६ साली डीट हे औषध तयार केले ते कातडीला लावण्यासाठी, आणि आपल्या जवानांसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेले डेपा हेदेखील अंगालाच लावायचे असते. जंगलात मुक्काम करणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांचीही भिस्त मलमावर असते. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सैल सदरा, पायांत मोजे, उघड्या राहिलेल्या भागावर मलम आणि घाम आल्यावर पुन्हा एक हात, एवढ्यावर चौघांच्या दोन रात्री एका ट्यूबमध्ये निघतात. यात आम्हाला सुटतात ते मोजके रुपये, तरीही आम्ही आधी हेच सांगतो. डीटचा स्प्रे मागणाऱ्यांना तो घड्याळाच्या काचेवर, गॉगलवर किंवा रेयॉन-स्पँडेक्सच्या कपड्यांवर पडू देऊ नका, असेही बजावतो, कारण तो प्लास्टिक आणि काही कृत्रिम धागे खराब करतो. आवाजाने डास पळवण्याचा दावा करणारी खेळणी बाजारात भरपूर आहेत व त्यांत नफाही चांगला सुटतो, पण त्यांनी डास पळत नाहीत म्हणून ती आम्ही दुकानात ठेवतच नाही.

आता रिफिल. या यंत्राला लागणारी बाटली म्हणजे आपल्या घरातल्या प्लगमध्ये असते तीच साधी, कोणत्याही किराणा दुकानात मिळणारी बाटली. आमच्या दुकानात ती विक्रीला नाही. जी वस्तू आम्ही विकत नाही ती खपवण्यासाठी आम्ही यंत्र कसे गळ्यात मारू, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. उलट, नवी बाटली घेऊ नका, घरातली अर्धी वापरलेली बाटली टोपण घट्ट लावून उभी ठेवून न्या, असा सल्ला आपल्याला दिला होता, आणि आपण तो मान डोलावून ऐकलाही होता. प्रत्यक्षात आपण यंत्र परत आणले तेव्हा त्यात जी बाटली होती, तिला कापराचा आणि रॉकेलचा वास येत होता, आणि तिची वात काळी पडून कडक झाली होती. कडुनिंबाचे तेल, कापूर आणि रॉकेल यांचे मिश्रण रिकाम्या बाटलीत भरून रिफिलचे पैसे वाचवावेत, असा उपाय मोबाइलवरून फिरत असतो हे आम्हाला ठाऊक आहे. आपणही तो केल्याचे काउंटरवर सांगितलेत, अभिप्रायात मात्र त्याचा उल्लेख नाही. कंपनीच्या बाटलीतले द्रव्य पातळ असते, ते वातीतून हळूहळू वर चढते, वरची तापलेली कडी त्याची वाफ करते, आणि त्यात ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन हे औषध अगदी थोड्या प्रमाणात असते. कडुनिंबाचे तेल दाट असल्याने वातीत तुंबते आणि कडीवर करपून बसते. रॉकेल आणि कापूर दोन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत, आणि ते नायलॉनच्या तंबूत, लहान मुले शेजारी झोपलेली असताना, तापत्या कडीखाली ठेवणे म्हणजे घरातल्या बारदानाच्या ढिगाशेजारी चूल पेटवण्यासारखे आहे. यंत्र जळण्यावरच निभावले, याचे आम्हाला खरोखर हायसे वाटले. हे आपल्याला हिणवण्यासाठी लिहीत नाही, परंतु वाचलेल्या साठ-सत्तर रुपयांपायी साडेपाचशेचे यंत्र गेले आणि दोष आमच्या नावावर जमा झाला, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

पॉवर बँकेबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा असते, त्यातली काही वाया जाते, आणि हे यंत्र ताशी पाच वॉट-तास खाते. म्हणजे पाच-सहा तासांत ती संपणारच. म्हणूनच हे यंत्र रात्रभर चालवायचे नसते. सायंकाळी सगळे बाहेर चहा घेत असताना ते बंद तंबूत अर्धा तास लावावे, मग बंद करून तंबूत थोडी हवा खेळू द्यावी, आणि आत शिरताच जाळीची चेन पूर्ण ओढून घ्यावी. जाळी धड असेल तर पुढची रात्र यंत्राशिवायच निघते, बाटली कित्येक सहलींना पुरते आणि सकाळी फोटोंसाठी मोबाइलही चार्ज करता येतो. कॉइल स्वस्त पडते हे खरे, पण ती तंबूत कधीही लावू नये.

खोक्यावर "हंटिंग व कॅम्पिंग" असे छापलेले असल्याने आपली दिशाभूल झाली, असे आपण म्हणता. ती छपाई परदेशी बाजारासाठी झालेली आहे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्याने तो प्रश्न उरलेला नाही, आणि तिकडचे शिकारीसुद्धा या यंत्राच्या भरवशावर उघड्या रानात बसत असतील असे आम्हाला वाटत नाही. काजव्यांच्या झाडांजवळ डास मारणारी कोणतीही वाफ वा फवारा नको, हेही आम्ही भंडारदरा, घाटघर, रतनवाडीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण काजवा हाही कीटकच आहे आणि या औषधाला डास व काजवा यांतला फरक कळत नाही.

वर्षातून एकदा-दोनदाच मुक्कामाला जाणाऱ्यांनी यंत्र विकत घेण्याची गरज नाही, ते ५० रुपये रोजाने भाड्याने मिळते. हा पर्यायही आपल्यापुढे ठेवला होता. तो निवडला असता तर आज हा पत्रव्यवहार झाला नसता.

आपल्या सूचनेचा मान ठेवून यंत्राच्या खोक्यात मराठी सूचनापत्रक घालण्याचा आमचा विचार आहे, आणि भाड्याचे दर काउंटरवर ठळक लावण्याचेही बघतो. हंगाम संपला की ही कामे मार्गी लावू. घरगुती तेल भरलेल्या यंत्राचे पैसे परत करणे आम्हाला परवडणारे नाही. तरीही कडी साफ होऊन यंत्र चालू होते का, ते आमचा मुलगा विनामूल्य पाहील. शनिवारी-रविवारी भाड्याचे तंबू परत येत असल्याने गर्दी असते, म्हणून कृपया मधल्या वारी सायंकाळी सातच्या आत यावे. तारे किती द्यायचे हा सर्वस्वी आपला अधिकार आहे, परंतु रिफिलबद्दलचे ते वाक्य आपण दुरुस्त करावे, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
दुकानमालक