मोठं ब्रेक किट, भोकांच्या डिस्क आणि ते डॉट ५: एका फॉरवर्डला उत्तर

भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे सगळं करून घेऊ का? लॉजिकल वाटतंय." हा फॉरवर्ड याआधीही बऱ्याच ग्रुपांतून माझ्याकडे येऊन गेलाय आणि दर वेळी मी काही न बोलता पुढे सरकलोय. पण भाच्याकडे टर्बो हॅचबॅक आहे, ती तो ट्रॅकवर पळवतो, आणि यादीतला चौथा मुद्दा त्याने खरोखर मनावर घेतला तर एखाद्या वळणाच्या तोंडाशी त्याचं पेडल थेट जमिनीला टेकेल. तेव्हा लिहितोच.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. मोठं ब्रेक किट, म्हणजे मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर, लावलं की थांबायचं अंतर निम्म्यावर येतं. कॅलिपरमध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) पिस्टन जितके जास्त तितकी ताकद जास्त. भोकं पाडलेल्या डिस्क थंड राहतात, म्हणून रेसिंगमध्ये त्याच असतात. ब्रेक ऑइल डॉट ५ च घ्या, आकडा सगळ्यात मोठा आणि आयुष्यभर बदलायला नको. पॅड सरळ रेसचे टाका. स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या) लावले की ब्रेकचा जोर वाढतो. आणि शेवटी, मागच्या ब्रेकना हात लावू नका, ते नावालाच असतात.

अंतर निम्मं होतं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न. आहे त्याच ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर, पेडल जीव खाऊन दाबलं की पायाखाली एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवते का? जाणवत असेल तर चाक जागच्या जागी अडवण्याइतका जोर तुमच्या ब्रेकमध्ये आधीच आहे. पुढची गोष्ट टायर आणि रस्ता यांच्यातली. डिस्क कितीही मोठी केली तरी तो वरचा जोर एबीएस सोडूनच देणार.

हिशोब अवघड नाही. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. रस्त्यावरचा चांगला टायर कोरड्या डांबरावर साधारण १ जी मंदन देतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या दराने वेग कमी करतो. त्याने अंतर येतं ३९ मीटर. ते २० मीटरवर आणायचं तर २ जी लागेल. रस्त्यावरच्या गाडीला तेवढी पकड देणारा टायर दुकानात मिळत नाही. रेसच्या गाड्या एवढं मंदन देतात तेव्हा विंगांवरून जाणारी हवा त्यांना रस्त्यावर दाबून धरत असते. अंतर कमी करायची खरीच हौस असेल तर पैसे टायरवर घाला. पण चकचकीत कॅलिपर रिममधून दिसतो, टायरचं रबर दिसत नाही, हीच अडचण आहे.

मग मोठं किट निरुपयोगी का? नाही. एवढं नाइलाजाने का होईना, मान्य करावं लागतं. त्याचा उपयोग उष्णतेसाठी आहे. १५०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबते तेव्हा सुमारे ५.८ लाख जूल ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, म्हणजे २०० वरून थांबताना २३ लाख. त्यातला ७० टक्के भार पुढची दोन चाकं घेतात असं धरा आणि पुढची प्रत्येक डिस्क १० किलोची. मग ताशी १०० वरून एकदा थांबल्यावर डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आसपास वाढतं. हे काहीच नाही. २०० वरून तेच १७५ अंशांनी वाढतं, आणि ट्रॅकवर ती डिस्क थंड व्हायच्या आत पुढचं वळण हजर असतं. तिथे १४ किलोची डिस्क असेल तर १७५ चे १२५ होतात. म्हणजे मोठं किट पहिल्या वेळी लवकर थांबवत नाही. पंधराव्या वेळीसुद्धा पहिल्यासारखं थांबवतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ही पंधरावी वेळ कधी येतच नाही.

पिस्टनच्या संख्येचं सांगतो. जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर, आणि तेही कॅलिपरच्या एका बाजूच्या. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये ५७ मिलिमीटरचा एकच पिस्टन आहे असं समजा. क्षेत्रफळ २५५२ चौरस मिलिमीटर. आता 'फोर पॉट' घ्या, म्हणजे न सरकणारा, चार पिस्टनचा फिक्स्ड कॅलिपर, ज्याच्या दर बाजूला ३८ आणि ४२ चा एकेक पिस्टन आहे. बेरीज २५२० भरते. चार पिस्टन मोजून घरी आणले आणि जोर कणभर कमीच झाला. फिक्स्ड कॅलिपरचे फायदे आहेत: तो कमी फाकतो, पॅड सगळीकडे समान झिजतो, पेडल घट्ट लागतं. पण 'जितके जास्त तितकी ताकद' हे पिस्टनच्या बाबतीत खरं नाही.

आता चौथा मुद्दा, ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसलो.

हे लिहिणाऱ्याने डॉट ३, डॉट ४, डॉट ५ यांना शाळेतल्या इयत्ता समजलंय. पाचवीतला पोरगा चौथीतल्याच्या पुढे असणारच. हे आकडे येतात अमेरिकेच्या संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ मधून. ते कुणालाही फुकट वाचता येतं. त्यात ऑइल उकळण्याचं किमान तापमान दिलंय, एकदा ताज्या ऑइलचं आणि एकदा ओलावा शोषलेल्याचं. डॉट ३ ला २०५ आणि १४० अंश सेल्सिअस. डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५ ला २६० आणि १८०. फॉरवर्डवाला बहुधा इथपर्यंत वाचून उठला. कारण त्याच मानकात डॉट ५.१ सुद्धा आहे आणि त्याचेही आकडे तेच आहेत, २६० आणि १८०. मग एकाच तापमानाला दोन वर्ग कशाला? तर डॉट ५ सिलिकोनचं असतं आणि ३, ४, ५.१ ही ग्लायकॉल जातीची. या दोन जाती एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून मानकाने रंगही वेगळे ठरवून दिलेत: डॉट ५ जांभळं, बाकीची रंगहीन ते पिवळसर. एवढी खबरदारी उगाच घेतलेली नाही.

तुमची गाडी कंपनीतून ग्लायकॉल ऑइल घेऊन आली आहे. ते काढून डॉट ५ भरलं तरी जुनं सगळं निघत नाही. एबीएसच्या ब्लॉकमध्ये बारीक वाटा आणि व्हॉल्व्ह असतात, तिथे ते उरतंच. मग एकाच पाइपात दोन ऑइलं वेगवेगळी फिरत राहतात. शिवाय सिलिकोन हवा धरून ठेवतं. एबीएसचा पंप सुरू झाला की तो ते घुसळतो, बारीक बुडबुडे होतात आणि ते लवकर वर येत नाहीत. परिणाम म्हणजे स्पंजासारखं पेडल, आणि तेही नेमकं जिवावर बेतलेलं असताना. एबीएस असलेल्या गाडीत डॉट ५ टाकू नये हे म्हणूनच सांगतात.

"पण सिलिकोन पाणी शोषत नाही!" हो, शोषत नाही, आणि फॉरवर्डमध्ये ही गोष्ट फुशारकीने सांगितली आहे. पाणी आत यायचं थांबतं का? नाही. रिझर्व्हॉयरच्या (ऑइलच्या टाकीच्या) झाकणातून, होजमधून थोडाफार ओलावा येतोच. ग्लायकॉलमध्ये तो सगळीकडे पसरून मुरतो आणि उकळण्याचं तापमान हळूहळू उतरतं. सिलिकोनमध्ये तो मुरत नाही, थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसतो. सगळ्यात खालची जागा म्हणजे कॅलिपर. जिथे सगळ्यात जास्त तापतं नेमकं तिथे तुम्ही साधं पाणी नेऊन ठेवलंत, आणि ते १०० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला बघणार. द्रव दबत नाही म्हणून पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दबते.

हे घडतं कसं तेही सांगतो, कारण ज्यांनी अनुभवलेलं नाही त्यांना वाटतं की ब्रेक हळूहळू कमजोर होत जातील आणि आपल्याला कळेल. पॅड तापून थकले तर तसं होतं: पेडल दगडासारखं घट्ट, वास सुटलेला, गाडी मात्र हवी तशी मंदावत नाही. तिथे निदान सूचना मिळते. ऑइल उकळलं की अशी सूचना मिळेलच असं नाही. जोरात ब्रेक मारून झालेला असतो, पाय उचललेला असतो, डिस्क आणि पॅडची उष्णता मागाहून कॅलिपरमध्ये उतरत असते. मधल्या सरळ पट्ट्यात सगळं ठीक वाटतं. पुढच्या वळणाला पाय टाकता आणि पेडल जमिनीला टेकतं. भराभर दोनतीनदा पंप केलं तर थोडा दाब परत मिळतो, तेवढा वेळ असेल तर.

डॉट ५ ला त्याची जागा आहे. ते गाडीचा रंग खराब करत नाही, ओल धरत नाही, म्हणून वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या जुन्या प्रदर्शनी गाड्यांत शौकीन ते वापरतात. अमेरिकी लष्कराने वापरलं. हार्ली-डेव्हिडसनने अनेक वर्षं वापरलं आणि मग डॉट ४ धरलं. ट्रॅकवर पळणाऱ्या, एबीएसच्या गाडीत मात्र त्याचं काही काम नाही. आणि उकळण्याचाच आकडा हवा असेल तर वरचे सगळे आकडे किमान आहेत. मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसचं ऑइल डॉट ४ च्याच जातीचं असून ताजं असताना ३०० अंशांच्या वर टिकतं. म्हणजे 'चौथीतला' पोरगा 'पाचवीतल्या'च्या किमान मार्कांपेक्षा ४० ने पुढे. फक्त ते बदलत राहावं लागतं. साधं डॉट ४ दोन वर्षांनी आणि ट्रॅकवर जात असाल तर त्याहून खूप लवकर. 'आयुष्यभर बदलायला नको' या तीन शब्दांना भुलून लोक हे सगळं करून बसतात.

भोकांच्या डिस्ककडे येतो. यात तथ्य अगदीच नाही असं नाही. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट हवी असायची. पावसात पॅडखालचं पाणी निघून जायलाही भोकांची मदत होते. पण भोक पाडलं की तिथलं लोखंड गेलं, आणि उष्णता साठवायला तेच लोखंड हवं असतं. शिवाय तापणं आणि निवणं यांच्या ओढाताणीत भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात. "पोर्शे लावते ना!" हे उत्तर मला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या ९११ ला लावते. त्याच ९११ ची जीटी ३ कप ही रेसची गाडी पाहा, तिच्या स्टीलच्या डिस्कवर भोकं नसतात, चरे असतात. तेव्हा 'रेसिंगमध्ये त्याच असतात' हे वाक्य नेमकं उलट आहे.

रेसचे पॅड रोजच्या गाडीला हा दुसरा घातक सल्ला, पण याचं नुकसान निदान लवकर कळतं. हे पॅड बरेच तापल्यावरच नीट पकडतात. थंड गाडी घेऊन निघालात, पहिल्याच चौकात समोर कुणी आलं, तर पॅड अजून झोपेतच आहे. त्यात कर्कश आवाज आणि डिस्क खाणं आहेच. भाच्याला मी सांगितलं: ट्रॅकसाठी वेगळे पॅड ठेव, तिथे जाऊन बदल, परत येताना रोजचे चढव. नवे पॅड बसवले की ते डिस्कवर बसवून घे. वेगातून पूर्ण न थांबता आठदहा वेळा मध्यम जोराने ब्रेक, मग काही अंतर ब्रेक न लावता गाडी चालवून निववायची. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर सगळे "डिस्क वाकडी झाली" म्हणून ओरडतात.

"मागचे ब्रेक नावालाच." ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकतं, त्यामुळे मागच्या चाकांचा वाटा कमी असतो, हे बरोबर. पण म्हणून फक्त पुढे मोठ्या पिस्टनचं किट बसवलं तर तेवढ्याच दाबाला पुढची चाकं आधी लॉक व्हायला येतात, एबीएस तिथे सुरू होतं आणि मागची चाकं आपल्या वाट्याचं काम न करताच राहतात. थांबायचं अंतर वाढतं. मागचा दाब इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेईल म्हणाल, तर ते साधारणपणे मागचा दाब कमी करतं, पेडलने दिला त्याहून वाढवत नाही. वर मोठ्या पिस्टनना ऑइल जास्त लागतं, पेडलचा जोर ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर तोच, म्हणून पेडलही खोल जातं. पुढे-मागे हिशोब जुळवलेलं किट असेल तर गोष्ट वेगळी. ते जुळवलंय का हे विकणाऱ्याला विचारा आणि तो काय सांगतो ते नीट ऐका.

राहिले होज. रबराचा होज दाबाखाली किंचित फुगतो, जाळीचा कमी फुगतो, म्हणून पेडल नेमकं लागतं. जोर वाढत नाही, अंतर कमी होत नाही. जुने रबरी होज तडकले असतील तर खुशाल बदला. बसवल्यावर चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, गाडी जॅकवर घेऊन सस्पेन्शन खाली लोंबू द्या, आणि होज कुठे ताणला जातोय किंवा घासतोय का ते हात लावून बघा. जाळीच्या आतलं नळकांडं खराब झालं तर बाहेरून दिसत नाही.