‘घरी सगळं येत होतं’

दहावीच्या सहामाहीचे पेपर वर्गात वाटताना दरवर्षी एक वाक्य कानावर येते : ‘‘सर, घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही.’’ कित्येक वर्षे मी ते सबब म्हणून उडवून लावले. आता मला वाटते, की ते मूल खोटे बोलत नसते. पुस्तक समोर उघडे असताना प्रत्येक ओळ त्याला ओळखीची वाटत होती आणि त्या ओळखीलाच ते ‘येणे’ समजत होते. ओळखता येणे वेगळे आणि आठवता येणे वेगळे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, बी.एड. करताना मलाही कोणी सांगितले नव्हते.

या फरकाचा मला भावलेला पुरावा म्हणजे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. सूर्य आणि सागरी पाणमांजर अशा साध्या विषयांवरचे छोटे उतारे विद्यार्थ्यांना दिले होते. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चारही सत्रांत उतारा वाचला. त्यांची सरासरी १४ वाचने झाली. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या सत्रात, सरासरी तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, असे आधी विचारले होते तेव्हा सर्वांत जास्त आत्मविश्वास नेमका पुनःपुन्हा वाचणाऱ्या गटाला होता.

माझ्या मते सगळी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. वाचताना डोळे सरसर पुढे जातात आणि अभ्यास झाल्यासारखे वाटते. मिटलेल्या पुस्तकासमोर कोरा कागद घेऊन बसले की पहिल्या दोन मिनिटांतच आपण किती कच्चे आहोत हे कळते आणि जीव घाबरतो. चांगली पद्धत करताना वाईट वाटते आणि वाईट पद्धत करताना छान वाटते. अशा वेळी पंधरा वर्षांचे मूल काय निवडणार? याच दोघांनी अँड्र्यू बटलर यांच्यासह १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सुमारे ८४ टक्क्यांनी टिपणे किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असे सांगितले आणि स्वतःला आठवायला लावणारे निघाले जेमतेम ११ टक्के. आपल्याकडच्या अभ्यासिकांत पिवळ्या हायलायटरने रंगलेली पुस्तके पाहिली, की चित्र फार वेगळे असेल असे वाटत नाही.

‘म्हणजे पुन्हा पाठांतरच ना?’ असा प्रश्न इथे येणार, हे मला ठाऊक आहे. घोकताना वही समोर असते आणि जीभ आपोआप चालते. आठवताना वही मिटलेली असते आणि अडखळावे लागते. आपल्या जुन्या घरांत दिवेलागणीला होणारा परवचा या दृष्टीने मला फार शहाणा वाटतो. न पाहता म्हणायचे, चुकले तर समोर बसलेल्या आजीने तिथल्या तिथे दुरुस्त करायचे आणि उद्या पुन्हा. रोज थोडे थोडे करण्याचा गुण जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालच्या ग्रंथात स्वतःवरच प्रयोग करून नोंदवला होता : निरर्थक अक्षरगटांच्या मालिकेची ६८ आवर्तने एका दमात केल्याने जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. परवच्याची एक खोट मात्र मान्य करायला हवी. सारे ओळीने म्हटलेले असल्यामुळे ‘सात आठे?’ असे मध्येच विचारले, की मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करते.

गणितात हीच खोट मोठी होते. वर्गसमीकरणांच्या सरावसंचात आधी अवयव पाडून, मग पूर्ण वर्ग करून, मग सूत्राने, अशी एकाच साच्याची उदाहरणे ओळीने येतात, त्यामुळे कोणती रीत वापरायची हे ठरवण्याचा प्रश्नच विद्यार्थ्यापुढे येत नाही. परीक्षेत मात्र नेमके तेच ठरवावे लागते. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे एकसाची क्रमाने सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरे बरोबर होती, तर सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने हेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ झाले. मी स्वतः अनेक वर्षे परीक्षेआधी ‘उजळणी’ म्हणून उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली आणि एकसाची उदाहरणे फळ्यावर रांगेने सोडवली. वर्ग शांत असे, माना डोलत, मला समाधान वाटे. त्या समाधानाची आज लाज वाटते.

(‘माझा मुलगा बघून शिकणारा, मुलगी ऐकून शिकणारी’ हे पालकसभेत हमखास ऐकू येते. प्रत्येकाच्या शैलीनुसार शिकवल्याने तो अधिक शिकतो, याला पुरेसा आधार नसल्याचे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवले आहे. त्यावर याहून जास्त वेळ घालवण्याची गरज नाही.)

माझे म्हणणे असे, की आठवून पाहणे हे शिकण्याचे उत्तम साधन आहे आणि ते आपण मोजमापाच्या ताब्यात देऊन टाकले. चाचणी म्हटले की गुण, गुण म्हटले की यादी, यादी म्हटली की बोलणी. शिकता शिकता व्हावे असे आकारिक मूल्यमापनही पुष्कळ ठिकाणी रकाने भरण्याचे काम होऊन बसले आहे. आधी नीट समजावून दिलेले नसेल किंवा चूक लगेच दाखवली नाही, तर आठवण्याचा फायदा बराच कमी होतो हेही खरे. पण ते शिक्षकाचे काम आहे, गुणपत्रकाचे नव्हे.

गेली दोन वर्षे मी तासाची पहिली पाच मिनिटे तीन प्रश्नांना देतो : एक कालच्या धड्यावरचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. कच्च्या वहीत, पुस्तक मिटून. उत्तरे लगेच फळ्यावर. सुरुवात केली त्या दिवशी पहिल्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, याचे मार्क धरणार?’’ मी नाही म्हणालो आणि अर्ध्या वर्गाने पेन खाली ठेवले. आता त्यांतले बहुतेक जण लिहितात. चार-पाच जण अजूनही फळ्यावर उत्तर येण्याची वाट पाहतात आणि मग ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात.