१९५६ : मराठी विरुद्ध गुजराती?

‘१९५६ साली मराठी माणूस मुंबईसाठी गुजरात्यांशी लढला आणि जिंकला’ हे वाक्य दर १ मेला फिरतं. हुतात्म्यांवरच्या प्रेमापोटीच लोक ते पुढे पाठवतात. पण ते खोटं आहे, आणि मला ते फार लागतं.

आधी हे बघा, मुंबई अडवून कोण बसलं होतं? मोरारजी देसाई तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदासांसारखे बडे व्यापारी वेगळ्या मुंबईसाठी खटपट करत होते, हे खरंच. पण त्याच बाजूला मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटीलही होते. कोकणातले, पक्के मराठी. १६ जानेवारीला मुंबई केंद्रशासित होणार, हे रेडिओवरून सांगितलं ते नेहरूंनी. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, ते दिल्लीच्या निर्णयावर संतापून.

त्या जानेवारीत मुंबईत गुजराती दुकानं फुटली, लुटली गेली. हे लपवू नये. पण हुतात्मा झालेली माणसं पडली ती सरकारी गोळ्यांनी.

दुसरा दावा असा की, द्वैभाषिक राज्य, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलखांचं मिळून एकच राज्य, गुजरात्यांना हवं होतं. मग अहमदाबाद का पेटलं? ऑगस्टमध्ये संसदेने गुजरात, महाराष्ट्र आणि मुंबई एकाच राज्यात बांधायचं ठरवलं. गुजरातला मिळू घातलेलं वेगळं राज्य हातचं गेलं. ८ ऑगस्टला विद्यार्थी जाब विचारायला तिथल्या काँग्रेस हाउसवर गेले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कोवळी पोरं मेली. सरकार तेच, फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झाडणारं. पुढे मोरारजींनी अहमदाबादेत उपोषण मांडलं, तेव्हा त्यांच्या सभेला जायचंच नाही म्हणून लोकांनी आपणहून ‘जनता कर्फ्यू’ पाळला. दारं बंद, रस्ते ओस. मोरारजी गुजरातचे, आणि गुजरातनेच त्यांच्याकडे पाठ फिरवली.

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मुंबईने डांग्यांना लोकसभेत पाठवलं, अहमदाबादने इंदुलाल याज्ञिकांना. डांग्यांची संयुक्त महाराष्ट्र समिती आणि याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद, दोघांचं मागणं एकच : हे द्वैभाषिक मोडा. १ मे १९६० ला एकाच दिवशी दोन राज्यं झाली. यात हरलं कोण, ते मला कुणी दाखवावं.

आणि हुतात्म्यांची यादी तरी एकदा वाचा. पहिलं नाव सीताराम बनाजी पवार. दुसरं जोसेफ डेव्हिड पेजारकर. तिसरं चिमणलाल डी. शेठ. ते वाक्य खरं मानलं, तर या तिसऱ्या नावाला यादीत जागाच उरत नाही.